प्लॉट घेताय? आधी नकाशा बघा!

घर बांधायचं ठरलं की आपण बायका आधी ओट्याची उंची ठरवतो, मग देवघर कुठं नि तुळस कुठं ते बघतो. पण रस्ता किती रुंद, सांडपाणी कुठून जाणार, हे "पुरुषांचं काम" म्हणून सोडून देतो. आणि पावसाळ्यात दाराशी तुंबलेल्या पाण्यातून बादल्या घेऊन वाट काढतं कोण? आपणच ना!

म्हाडाच्या सोडतीच्या बातम्या आपण वाचतो. त्यातली काही घरं बिल्डरांकडून आलेली असतात. २०१३ साली राज्य सरकारने दहा लाखांवर वस्ती असलेल्या महानगरपालिकांसाठी नियम केला. ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर घरं बांधणाऱ्याने २० टक्के घरं लहान ठेवायची, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी.

आमच्या घाटंजीची वस्ती लाखाच्याही आत, त्यामुळे तो नियम इथं नाही. शिवाय इथं इमारतींपेक्षा प्लॉटच जास्त पडतात. काल कपाशी होती, तिथं आज चुन्याच्या रेघा! अशा वेळी नगरपरिषदेच्या हाती एकच लगाम असतो, तो म्हणजे ले-आउटची मंजुरी. मंजुरी हवी तर रस्ते, नाल्या करून द्या, आणि जागा एक एकराहून मोठी असेल तर १० टक्के मोकळी सोडा, असं तिला सांगता येतं. पण मंजुरी न घेताच प्लॉट विकले गेले, तर विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो आणि नालीसाठी अर्ज करत फिरतात घरमालकिणी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी असाच एक प्लॉट पसंत केला होता. भाड्याच्या खोलीत दोन मुली वाढवताना पै-पै करून साठवलेले पैसे इसारात जाणार होते. मी कागद विचारले, तर म्हणाल्या, "हाये ना ताई, स्टॅम्पपेपरवर लिहून देते म्हणे तो!"

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नगरपरिषदेत गेलो. त्या ले-आउटला मंजुरी नव्हती. बाई पायरीवरच बसल्या. "सस्ता होता म्हणून तर मले परवडत होता," एवढंच बोलल्या. मला उत्तर सुचेना. मंजूर ले-आउटमधले प्लॉट त्यांच्या आवाक्याबाहेरचे, आणि आवाक्यातला हा असा!

तरी इसार थांबला हे बरंच झालं. कारण प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख नि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख टप्प्याटप्प्याने मिळतात. पण त्यासाठी जागेची मालकी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. नुसत्या लिहून दिलेल्या स्टॅम्पपेपरवर तिथं भागत नाही. म्हणजे स्वस्तातला प्लॉट घेऊन त्यांचे साठवलेले पैसे तर अडकलेच असते, वर अडीच लाखही हातचे गेले असते.

तेव्हा मैत्रिणींनो, इसार देण्याआधी एवढं कराच. ले-आउटचा मंजूर नकाशा मागा आणि तो नगरपरिषदेत जाऊन ताडून बघा. शेतजमीन असेल तर अकृषक झाल्याचा कागद बघा. महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर तो घ्यावा लागतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच नोंदवा. आणि त्यावर आपलं नाव येतंय ना, तेही बघा. आवास योजनेचं घरसुद्धा घरच्या बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे असावं, असा नियमच आहे.

बाई अजून भाड्याच्याच खोलीत आहेत. पैसे मात्र बँकेत आहेत, आणि कुणी प्लॉट दाखवला की त्या आता आधी नकाशा मागतात. गावातल्या पाच-पन्नास जणींनी असाच नकाशा मागितला, तर विनामंजुरीचे प्लॉट विकणार तरी कुणाला?