कर्लीवरचं धुकं

देवबागला आलेला पाहुणा समुद्राकडे तोंड करून बसतो. साहजिकच आहे, त्यासाठीच तो आलेला असतो. पण गाव म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मधे माड आणि घरं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे समुद्राकडे पाठ करावी आणि नदीकाठी जाऊन उभं राहावं. रात्र निरभ्र गेली असेल तर डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली पात्रात येऊन बसते. पाणी मात्र अजून कोमट असतं. त्याची वाफ वर निघते न निघते तोच तिचे थेंब होतात, आणि जमिनीकडून सुटलेला मतलई वारा ते सगळं खाडीच्या तोंडाकडे हळूहळू ढकलत नेतो. पलीकडचा वेंगुर्ले तालुका नाहीसा होतो. होड्यांचे खुंट पाण्यातून नव्हे, कशातूनच वर आलेले नसतात.

कॅमेऱ्याला हे समजत नाही. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं असणार, असं गृहीत धरून तो प्रकाश मोजतो, आणि पांढऱ्या धुक्याचा गढूळ राखाडी चिखल करून हातात देतो. म्हणून एक्स्पोजर एखाद्या पायरीनं वाढवायचं. ऑटोफोकसला धरायला कडाच सापडत नाही. लेन्स नुसती मागेपुढे घुरघुरत राहते, तेव्हा फोकस हातानं करायचा. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर सोडला तर पहाटेचा निळसरपणा बिघाड समजून तो पुसून टाकला जातो. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला, तर पहिला पाव तास धुकं नदीपेक्षा काचेवरच जास्त.

मला वाइड लेन्सपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स इथे बरी वाटते. ती माडांच्या रांगा एकमेकींजवळ आणते, आणि मग खरी मौज दिसते: पहिली रांग काळपट, दुसरी शिशाच्या रंगाची, तिसरी म्हणजे नुसता संशय. अंतर वाढतं तसा झाडावरून येणारा प्रकाश वाटेत कमी होत जातो आणि मधल्या थेंबांनी विखुरलेला पांढरा उजेड त्याची जागा घेतो. एरवी फोटोत अंतर ओळखावं लागतं. धुक्यात ते रंगासारखं समोर दिसतं.

म्हणूनच घरी संगणकासमोर बसल्यावर माझं भांडण सुरू होतं ते 'डीहेझ' नावाच्या पट्टीशी. फोटो सुधारायच्या लाइटरूम या प्रोग्रॅममध्ये ती २०१५ साली आली. उजवीकडे ओढली की धुकं विरतं, पलीकडचा काठ उगवतो, झावळ्यांच्या कडा चकाकतात. धुकं हटवायची एक गाजलेली पद्धत काइमिंग हे या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली होती. स्वच्छ हवेतल्या फोटोच्या बहुतेक लहान तुकड्यांत लाल, हिरव्या किंवा निळ्यापैकी एक तरी रंग कुठेतरी अगदी गडद असतो. धुकं त्या गडदपणात पांढरं मिसळतं. किती मिसळलं यावरून धुक्याचा थर, म्हणजे पर्यायानं अंतर, आधी मोजायचं आणि मग ते वजा करायचं. बुद्धीला दाद द्यावीशी वाटते. पण मी जे टिपायला थंडीत उभा होतो, नेमकं तेच मोजून ती काढून टाकते! मी पट्टी डावीकडेही ओढून पाहतो. तेही खोटंच, नसलेलं धुकं लगेच पावडरीसारखं दिसतं.

फोटोवर हात फिरवणं मात्र मला पाप वाटत नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५०च्या दशकात समुद्राची चित्रं केली तेव्हा काचेवरचं कोलोडियन निळ्या रंगाला इतकं हळवं होतं, की समुद्र नीट आला तर आकाश कोरं पडायचं. त्यानं काही चित्रांत आकाश एका निगेटिव्हमधून आणि पाणी दुसऱ्यातून घेऊन दोन्ही एका कागदावर छापली. प्रश्न हात लावण्याचा नाही, कुठे थांबायचं याचा आहे. मी रॉ फाइलमध्ये पुढचे खुंट थोडे गडद करतो. एक खरा काळा रंग चित्रात असला की बाकीचं पांढरं पांढरं वाटतं. काम सोळा बिटांत ठेवतो, नाहीतर आकाशाच्या तलम उतारावर पायऱ्या पडतात. मग येतात ठिपके. सेन्सरवरची धूळ धुक्यात जितकी उठून दिसते तितकी कुठेच नाही, आणि दूरचा कुरव पक्षीही तसाच दिसतो. मोठं करून पाहायचं: पंख आहे की धूळ? शंका असली तर मी ठिपका राहू देतो.

उजव्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉवर आहे. दोन क्लिकमध्ये जाईल. पण मला पलीकडे नेणारा होडीवाला धुक्यात त्याचाच अंदाज घेत होडी हाकतो, तेव्हा तो खोडायचा मला काय अधिकार? त्याचं धुक्याबद्दलचं मतही माझ्याहून निराळं. पलीकडे त्याची हापूसची कलमं आहेत. धुकं रेंगाळलं की मोहर ओला राहतो, मग भुरी, करपा, तुडतुडे, आणि फवारणीचा खर्च. "तुमका धुका बरा दिसता," तो वल्हं मारत म्हणाला, "आमच्या मोहराची वाट लागता." यावर मी काय बोलणार? कॅमेरा मांडीवर घेऊन गप्प बसलो.

छपाईसाठी मी मॅट कागद घेतो. चकचकीत कागदावर धुक्यात खोलीतल्या ट्यूबलाइट दिसतात. लॅबला फाइल पाठवताना हल्ली सोबत मोठ्या अक्षरांत लिहितो: 'कोणतीही सुधारणा करू नये.' कारण तिथलं यंत्र आपणहून कॉन्ट्रास्ट वाढवतं. एकदा माझा कर्लीचा काठ असा लख्ख धुऊन आला, की पलीकडच्या घरावरची कौलं मोजता येत होती. काउंटरवरचा मुलगा खूश होऊन म्हणाला, "काका, फोटो जरा डल होता, मी क्लिअर करून दिलाय. त्याचे एक्स्ट्रा पैसे नाहीत."