दोन कवाडांचं दार

बेळगावहून पिरनवाडी, किणये मागं टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलं, की पावसाळ्यात भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले दिसतात. धुकं रस्त्यावर उतरलेलं असतं, झाडांचे शेंडे दिसत नाहीत, आणि समोरून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. पुढं कणकुंबीला मलप्रभेचा उगम, त्याच्याही पुढं चोर्ला घाट, आणि घाट उतरला की गोवा. आपल्यापैकी पुष्कळांनी हा रस्ता गोव्याला जाताना डुलक्या काढत पार केला असेल. मी मात्र गेल्या पावसाळ्यात सहा वेळा लाल बसच्या खिडकीला नाक लावून तो पाहिला. मला भूत राहील अशी जागा हवी होती.

त्याचं असं झालं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्हा तिघांच्या गटाला प्रकल्प मिळाला: एका भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर करायचा, त्याचं पोस्टर करायचं आणि एका सिनेमासिकाचं मुखपृष्ठ. सिनेमा काढायचाच नाही, फक्त त्याची जाहिरात! जांबोटीच्या पुढं आडवाटेवरच्या एका गावात माझ्या बाबांची आत्या राहते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लग्न नाही आणि पत्रिका छापायलीस होय गे?" प्रकल्पाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला वर्गात कुणी सांगितली नव्हती.

विषय ठरायला वेळ लागला नाही. आमच्या गटात एक गोकाकची मैत्रीण, एक कोल्हापूरहून शिकायला आलेला मित्र आणि मी. माझं घर म्हणजे अर्धं-अर्धं. बाबांकडचे सगळे मराठी, आईचं माहेर बैलहोंगलचं. घरात 'जेवायला ये' आणि 'ऊटक्क बा' एकाच श्वासात ऐकत वाढले. आणि बैलहोंगलच्या आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर झोपलं, की मामा हमखास 'नाळे बा'ची गोष्ट काढायचे.

ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेलच. १९९० च्या दशकात कर्नाटकात, विशेषतः बेंगळुरूत, आवई उठली की रात्री एक बाई दारोदार फिरते. दार ठोठावते आणि घरातल्यांना ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं. उपाय काय, तर दारावर 'नाळे बा' लिहायचं. ती वाचते, 'बरं, उद्या' म्हणून निघून जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते, पुन्हा जाते. थोरला मामा तेव्हा बेंगळुरूला नोकरीला होता. विश्वास नाही म्हणत म्हणत त्यानंही खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं. पुढं २०१८ मध्ये 'स्त्री' हा हिंदी चित्रपट याच कल्पनेवर आला आणि चंदेरीच्या भिंतींवर तेच शब्द हिंदीतून लिहिलेले सगळ्या देशानं पाहिले.

मला या भुताचं नेहमी कौतुक वाटत आलंय, कारण ते साक्षर आहे. दारावर लिहिलेलं वाचतं आणि पाळतंही. माणसं कुठं पाळतात?

कोल्हापूरच्या मित्राला मी वहीत देवनागरीत 'नाळे बा' लिहून दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे नाळे कोण? आणि त्यांच्या बाचं काय?" त्याच्या गल्लीत नाळे आडनावाचं एक कुटुंब राहतं. गोकाकची मैत्रीण पाच मिनिटं हसत होती. पण त्या हसण्यातूनच आमच्या ट्रेलरचा प्रश्न पुढं आला. हे भूत बेंगळुरूहून निघून आमच्याकडं आलं तर दारावर कुठल्या भाषेत लिहायचं? आणि त्याहून अवघड म्हणजे, ते हाक कुठल्या भाषेत मारील?

तो प्रश्न बाजूला ठेवून आम्ही आधी जुने ट्रेलर पाहिले. सगळ्यांत आवडला हिचकॉकच्या 'सायको'चा, १९६० सालचा. सहा मिनिटांहून मोठा आहे, आणि त्यात सिनेमातली दृश्यं जवळपास नाहीतच. स्वतः हिचकॉक एखाद्या वाटाड्यासारखा ते मोटेल आणि मागचं घर फिरवून दाखवतो. हा जिना, ही खोली, इथं काय झालं ते सांगत नाही बुवा, असं करत करत न्हाणीघरापर्यंत नेतो. पडदा सरकतो आणि एक किंकाळी. तीही मूळ नटीची नाही, व्हेरा माइल्सची. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. नट नाहीत, पैसे नाहीत, पण घर आहे. आत्याज्जीचं घर.

जांभ्या दगडाचं जोतं, वर मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मग माजघर, त्याला खिडकी नाही, मग स्वयंपाकघर आणि मागं परसू. माजघरात दिवसाही हात चाचपडत जावं लागतं. फणसाच्या लाकडाचं दोन कवाडांचं दार, आतून अडसर. पावसाळ्यात घराला एक वास असतो: ओलं गोणपाट, धूर, शेण आणि काजूच्या सरपणाचा. तो ट्रेलरमध्ये घालता येत नाही, याची हळहळ मला अजून आहे. आत्याज्जी तिथं एकटीच राहते. मुलगा फोंड्याला असतो, बोलावतो, ही जात नाही.

परवानगी मागायला गेले तेव्हा तिनं चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "भूत दाखव की गे. पण माझ्या घराला लोकांनी भुताचं घर म्हणायला नको. तुमी जाशीला बेळगावला. मला हितं ऱ्हायाचंय."

हे म्हणणं साधं वाटतं, पण त्यात पुष्कळ काही आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ कुलधरा नावाचं गाव आहे. पालीवाल ब्राह्मण ते सोडून गेले. का गेले याच्या अनेक कथा आहेत. आज तिथं लोक जातात ते मुख्यतः 'झपाटलेलं गाव' म्हणून. तिथली घरं कशी बांधली होती, त्या वाळवंटात ती माणसं शेती कशी करत होती, हे विचारणारे थोडे. भानगडच्या किल्ल्याचं तसंच. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद अशी पुरातत्त्व खात्याची पाटी तिथं आहे, आणि त्या पाटीचाच फोटो भुताचा पुरावा म्हणून फिरतो. एकदा जागेला हे नाव चिकटलं की निघत नाही. भयपटाची जाहिरात ही तर नाव चिकटवण्याचीच कला. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांनी नटांची छायाचित्रं घालून 'बेपत्ता' म्हणून पत्रकं लावली होती आणि कितीतरी लोकांना ते खरं वाटलं होतं. आमचं पोस्टर तेवढं पोचणार नव्हतं हे कबूल. पण जांबोटीच्या बसमध्ये एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जायला किती वेळ लागतो? आणि त्या बसमध्ये आत्याज्जीला ओळखणारी निम्मी माणसं असतात.

म्हणून आम्ही ठरवलं की घर बाहेरून दाखवायचं नाही. तुळशीवृंदावन नाही, अंगण नाही, कौलांची ओळखू येईल अशी कड नाही. आतला अंधार तेवढा घ्यायचा; अंधार काय, सगळ्यांच्या घरी सारखाच. आणि दार? खऱ्या दारावर खडूची रेघही मारायची नाही. बेळगावात जुन्या लाकूडसामानाच्या दुकानातून आम्ही एक मोडकं दार उचललं, तेही दोन कवाडांचंच, आणि टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून वर नेलं. आत्याज्जीनं ते पाहून विचारलं, "ह्याच्या मागं घर कुटं हाय?" नव्हतंच. परसात दोन बांबूंना बांधून ते उभं केलं होतं.

आत्याज्जीचं माहेर घाटाखालचं, सत्तरीतल्या केरीचं. भुताखेतांना ती भीत नाही. तिच्या माहेरच्या समजुतीत गावाची सीमा सांभाळणारा राखणदार असतो. रात्री वाटेवर त्याच्या काठीचा आवाज येतो म्हणतात, आणि चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो. "तुमच्या भुताला काम काय असतंय? नुसतं भ्या दाखवायचं?" असं तिनं विचारलं तेव्हा आमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं नाही. घाटाखाली भुताला नोकरी असते आणि शहरात ते बेकार फिरतं, असं काहीतरी कोल्हापूरचा मित्र पुटपुटला.

चित्रीकरणाचं फार सांगत नाही. तीन दिवस, उसना कॅमेरा, पायाला जळवा. रात्रीची दृश्यं आम्ही दिवसाच घेतली. कॅमेऱ्याला पिवळ्या दिव्याचा उजेड आहे असं भासवलं की दिवसाचं सगळं निळं दिसतं, मग उजेड कमी करायचा. ही जुनी युक्ती आहे, आणि आपल्याकडच्या जुलैच्या पाच वाजताच्या उजेडात निम्मं काम आभाळच करतं. खरी पंचाईत आवाजाची. कौलांवर पाऊस असा वाजत होता की हाक, ठोठावणं, काहीच ऐकू येईना. शेवटी आम्ही पावसालाच कामाला लावलं. ट्रेलरभर तो कौलांवर वाजत राहतो आणि दार ठोठावलं जाण्याआधी एकदम थांबतो. पूर्ण शांतता, दोन सेकंद. आपल्या भागात राहणाऱ्याला ते बरोबर कळतं. पाऊस असा मधेच तुटला की आपणही बोलता बोलता थांबतो.

एक धक्का मात्र उसना घेतला. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई अंधाऱ्या रस्त्यानं घाबरून चाललेली असते, मागं कुणीतरी आहे असं वाटत असतं, आणि अचानक फिस्स असा आवाज येतो. श्वापद नव्हे, बस येऊन थांबते. आम्ही तीच जागा आपल्या लाल बसला दिली. वस्तीची शेवटची गाडी धुक्यातून येते, ब्रेकचा सुस्कारा सोडते, दार आपटतं. कुणी उतरत नाही. चालकमामांनी ही गाडी आमच्यासाठी तीनदा थांबवली, तीही वेळापत्रक न बिघडवता, याचं श्रेय त्यांनाच.

आता भाषा. हाक द्यायला आवाज हवा होता. आईला फोन केला आणि म्हटलं, भुतासारखी हाक मार. तिनं इतकं नाटकी केलं की आम्ही सगळे हसत सुटलो. पण त्याआधी, रेकॉर्डिंग चालू झालंय हे तिला कळण्यापूर्वी, मी काय बोलायचं ते सांगितलं होतं आणि तिनं ते सहज म्हणून पाहिलं होतं, "बागला तगी, मळी बराकत्तैती." दार उघड, पाऊस येतोय. बास. रोज बाजारातून आल्यावर म्हणते तसंच. आम्ही तेच वापरलं. आणि आतून, अडसरावर हात ठेवून, आत्याज्जी मराठीत विचारते, "कोण गे?" खाली भाषांतराची ओळ नाही. आमच्या घरात बोलताना कुणाच्या खाली ओळी येतात?

पोस्टरवर मात्र ही सोय नव्हती. तिथं अक्षरं डोळ्यांना दिसणार. कुठली अक्षरं वर, कुठली खाली, किती मोठी, यावरून आपल्या जिल्ह्यात काय काय होतं ते मी सांगायला नको. २०२४ च्या दुरुस्तीनं कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हापासून रंगाऱ्यांनासुद्धा टक्केवारी पाठ आहे. मार्गदर्शकांनी सुचवलं, पोस्टर इंग्रजीत करा, कटकट नको. सल्ला प्रेमाचा होता. पण इंग्रजीत लिहिलं तर ते भूत कुणाचं? ते आमच्या दाराशी कशाला येईल?

वाट त्या मोडक्या दारानंच काढून दिली. दोन कवाडं. डाव्यावर गोकाकच्या मैत्रिणीनं कन्नड लिपीत खडूनं 'नाळे बा' लिहिलं, उजव्यावर मी कोळशानं 'उद्या ये'. एकाच उंचीवर. मधे दाराची फट, आणि फटीत अंधार. ना वर, ना खाली. डावं आधी की उजवं आधी, यावर मात्र कुणी भांडलं नाही; वाटलं होतं भांडतील. मासिकाचं मुखपृष्ठ त्यामानानं सोपं गेलं. तिथं चेहरा वाचकाकडं रोखून बघणारा लागतो. तो मैत्रिणीचा घेतला, आणि ती बरी बघते.

वर्गात ट्रेलर दाखवला तेव्हा एक गंमत दिसली. ज्यांना कन्नड येत नव्हतं ते त्या आवाजाला घाबरले. बाई काहीतरी भयंकर म्हणतेय असं त्यांना वाटलं. ज्यांना येत होतं ते घाबरले ते ती काहीच भयंकर म्हणत नाही म्हणून. एक हुबळीची मुलगी नंतर म्हणाली, "माझी आई अस्संच म्हणते. मी तर उघडलंच असतं." मला गुण किती पडले यापेक्षा ते वाक्य जास्त लक्षात राहिलंय.

आत्याज्जीला लॅपटॉपवर दाखवलं. सोप्यावर बसून, शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून तिनं पाहिलं. शेजारणींपैकी कुणालाही घर ओळखू आलं नाही; एकीनं तर विचारलं, कुठल्या गावाला गेला होता? आत्याज्जी खूश. हाक आली तेव्हा मात्र ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अगो, तुझी आई भिजायली की. उघडायचं न्हवं?"

ते दार आम्ही परत न्यायला गेलो तर तिनं दिलं नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. कोळशाचं 'उद्या ये' पावसानं अर्धं गेलं होतं, ते तिनं शेजारच्या पोराकडून पुन्हा गिरवून घेतलं, आणि खडूचंही. रात्री कोल्हा येतो म्हणे. तो घाटाखालून येतो की वरून, हे तिला अजून कळलेलं नाही.