अडलेलें चाक

बिघडलेलें यंत्र आणि रुसलेलें माणूस यांच्याशीं वागतांना आपण बहुधा एकच उपाय प्रथम योजतों, आणि तो म्हणजे जोर. त्यास पैसे पडत नाहींत, आणि तो लावतांना आपण कांहीं तरी करीत आहों असें समाधानही लाभतें. परंतु जोर कोठें लावावा, किती लावावा आणि केव्हां थांबावें, हें ज्ञान मात्र इतकें स्वस्त नाहीं. तें मला आमच्या वेल्ह्याच्या अंगणांत, एका जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकापाशीं पाहावयास मिळालें.

ही मोटार म्हणजे वडिलांनीं १९९६ सालीं घेतलेली मारुती ८००. १९८३ पासून निघूं लागलेल्या या गाड्यांची निर्मिती २०१४ च्या आरंभीं थांबली. वडील गेल्यापासून गाडी वेल्ह्यासच असते, कारण आई तेथें असते. पुण्यास डॉक्टरांकडे जावयाचें तर जवळची वाट पाबे घाटाची, आणि एस. टी.च्या पायऱ्या आतां तिला चढवत नाहींत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गाडींतून घरघर ऐकूं येऊं लागली. डाव्या वळणावर भार उजवीकडे पडला कीं ती वाढे; अर्थात् दुखणें उजव्या चाकाच्या बेअरिंगचें होतें. असें बेअरिंग तसेंच चालविल्यास चाक डगमगूं लागतें, आणि घाटांत चाक डगमगणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

थोरले बंधू म्हणाले, "विकून टाकूं." मी म्हणालों, "दुरुस्त करूं." दोघांच्याही बोलण्यांत गाडीपेक्षां वडीलच अधिक होते, हें आम्हां दोघांसही ठाऊक होतें. शेवटीं ठरलें तें असें कीं, हब धड निघाला तर गाडी ठेवावयाची. नाहीं तर भंगारवाल्यास बोलवावयाचें.

चाक ज्या लोखंडी तबकडीस बोल्टांनीं जखडलेलें असतें, तो हब. त्याचा पोकळ दांडा बेअरिंगच्या आंतल्या कड्यांत घट्ट बसतो आणि त्या पोकळींतून आंसाचें दातेरी टोंक बाहेर येतें. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कडीं व त्यांच्यामध्यें फिरणाऱ्या गोळ्या. गाडीच्या आंसासाठीं अशा गोळ्यांचें पेटंट वेल्समधील फिलिप वॉन यानें १७९४ सालीं घेतलें. आपल्या बैलगाडीच्या तुंब्यांत गोळ्या नव्हत्या. तेथें सारी भिस्त वंगणावर. आई सांगते, वंगण दिल्यावांचून तिच्या माहेरची गाडी नसरापूरच्या वाटेस लागत नसे.

आमच्या चाकांतलें वंगण पावसानें नेलें होतें. तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस तो! झिजलेल्या रबरी सीलमधून पाणी शिरलें, ग्रीस धुऊन गेलें, आणि मागें राहिला गंज. गंजाला मूळच्या लोखंडाहून कित्येक पट अधिक जागा लागते. जेथें केसाएवढी फट नाहीं तेथें तो धरला कीं, पाचर ठोकल्याप्रमाणें दोन्ही भाग एकमेकांत जखडतात.

गांवांतले मिस्त्री आले. चाक जमिनीवर असतांनाच, पुतण्यास ब्रेक दाबून बसवून, त्यांनीं आंसाचा मोठा नट सैल केला. मग मागच्या चाकांस दगड लावले, जॅक चढविला, आणि जॅकवर विसंबून न राहतां गाडीखालीं लांकडाचा ओंडका सरकविला. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनें वर टांगला, म्हणजे त्याचें वजन रबरी नळीवर पडूं नये. हब मात्र जागचा हालेना.

"मिस्त्री, घण घाला कीं एक!" बंधू म्हणाले.

"दादा, घण घालायला मिनिट लागत नाहीं. पण आंसाचे आटे चेपले, तर नट कशावर बसवूं?"

पुतण्यानें गॅसनें तापविण्याची सूचना केली. मिस्त्रींनीं शेजारच्या रबरी बुटाकडे आणि ब्रेकच्या नळीकडे नुसतें बोट दाखविलें. नंतर त्यांनीं आटे जपण्यासाठीं नट पुन्हां थोडा फिरवून ठेवला, सांध्यांत गंज सोडविणारें तेल सोडलें, पुलर लावून ताण दिला, आणि हबच्या कडेनें हलके टोले देऊन पुन्हां तेल घातलें. "आतां रात्रभर तेलाला काम करूं द्या," असें म्हणून ते हात पुसून निघून गेले.

बंधूंस त्याच संध्याकाळीं पुण्यास परतावयाचें होतें. ते राहिले. जेवणानंतर आम्ही ओटीवर बसलों, आणि वडिलांविषयीं बऱ्याच दिवसांनीं मोकळेपणानें बोललों.

सकाळीं मिस्त्रींनीं पुलरला अर्धा फेरा दिला. "टक्" असा आवाज झाला, आणि सरकत्या हातोड्याच्या चार ठोक्यांत हब हातांत आला. मात्र बेअरिंगचें आंतलें कडें त्यालाच चिकटून राहिलें होतें. तेव्हां मिस्त्री म्हणाले, "हें कडें गेलेलंच आहे, हब वांचवायचा." ग्राइंडरनें त्यांनीं कड्यास खोल खांच पाडली, पण हबला पातें लागूं दिलें नाहीं. मग त्या खांचेंत छिन्नी धरून असा घाव घातला कीं, कडें तडकून सुटलें. आदल्या दिवशीं राखून ठेवलेला जोर त्यांनीं येथें पुरेपूर वापरला. काय वांचवावयाचें आणि काय मोडलें तरी चालेल, हें आधीं ठरलेलें होतें, म्हणूनच तो घाव निर्भयपणें घालतां आला.

पुढील काम नसरापुरास प्रेसवर झालें. नवें बेअरिंग बसवितांना दाब बाहेरच्या कड्यावर द्यावयाचा आणि हब आंत घालतांना आंतल्या कड्यास आधार द्यावयाचा. दाब गोळ्यांमधून गेला तर कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि घरघर पुन्हां सुरू होते. गंज पॉलिश कागदानें घांसून काढला, सील नवें घातलें. मंगळवारीं आईस घेऊन पाबे घाटानें पुण्यास गेले ते थोरले बंधूच.

मिस्त्रींनीं जातांना एक गोष्ट बजावली: दर पावसाळ्यानंतर चाकें उतरवावीं, सांधे पुसावे, ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि पुन्हां बसवावीं. जें वर्षानुवर्षें एकत्र राहावयाचें, तें वर्षांतून एकदां सुटें करून पाहिलें म्हणजे जखडत नाहीं. आईनें दिवाळीच्या साफसफाईच्या यादींत "गाडीचीं चाकें" हें कलम लिहून ठेवलें आहे, आणि त्यापुढें आम्हां दोघां भावांचीं नांवें घातलीं आहेत.