वाळवणाचे दिवस

२ एप्रिल, सेलू
पुण्याहून लेकीचा फोन. "आई, यंदा वाळवणाच्या भानगडीत पडू नकोस. इथं सगळं पाकिटात मिळतं. तुझे गुडघे तेवढे मिळत नाहीत." आत्याबाईंच्या कानावर गेलंच. "पाकिटातली कुरडई तळल्यावर फुलते का, विचार तिला," म्हणाल्या. मला लेकीचं अर्धं पटलं होतं, पण सासूसमोर बोलायचं धाडस कुणाचं?

५ एप्रिल
किराणा आणायला गेले. पापड, शेवया, सांडगे सगळं तयार. शिवाय राजमा, दालमखनी: पिशवी गरम करा नि फोडा. मुदत बारा महिने. आत्याबाई पिशवी उलटसुलट करून बघत राहिल्या. "आपलं दुपारचं वरण रात्री आंबतं, हे कालवण वर्षभर कसं टिकतं?"
रास्त प्रश्न. कारखान्यात भाजी आधी पिशवीत सीलबंद करतात आणि मग दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवतात. नुसत्या उकळीला दाद न देणारे जंतूंचे बीजाणूही त्यात मरतात आणि बाहेरचा नवा जंतू आत शिरत नाही. सैनिकांसाठी असलं अन्न म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं तयार केलं. आपण कुकरमध्ये कितीही शिट्ट्या काढल्या, तरी झाकण उघडून डब्यात भरेपर्यंत हवा लागतेच. शिजलेलं, ओलं अन्न महिनोन्‌महिने घरी ठेवायच्या फंदात पडू नये. ते काम कारखान्याचं.

९ एप्रिल
गव्हाचा चीक निघाला. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचे, वरचं पाणी ओतायचं. मग चीक हाटणं! मनगटाची परीक्षा. शेजारच्या काकू साचा घेऊन आल्या. पोरांनी वाटीभर गरम चीक तेल घालून आधीच पळवला. इथलं एप्रिलचं ऊन इतकं कोरडं की सकाळी पाडलेल्या कुरडया दुपारीच वरून कडक होतात. मुंबईच्या दमट हवेत हे सुख नाही.

१५ एप्रिल
दुपारी आभाळ आलं. खारोड्या अजून ओल्याच. धावपळ करून साड्यांसकट घरात ओढल्या, पंखा लावला.
अशा वेळी लिज्जतच्या बायकांची आठवण येते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड सुरू केले. पहिल्याच पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढल्या वर्षी त्यांनी बाज आणि स्टोव्ह आणला: बाजेवर पापड, खाली स्टोव्ह. आज ज्याला आपण विकतचा पापड म्हणतो, तो असा घरच्याच हातचा आहे. मग विकत घेण्यात कमीपणा कसला?

२२ एप्रिल
वाटणी ठरली. उडदाचे पापड विकत. लाटायला चार बाया जमवायच्या तर प्रत्येकीच्या सवडीचा प्रश्न. शेवया गल्लीतल्या बचत गटाकडून: पीठ आपलं, हात त्यांचे. कुरडया, खारोड्या नि काळा मसाला घरचा, कारण ती चव दुकानात सापडत नाही. तूरडाळ एरंडेल चोळून कोठीत. ज्वारी कडक ऊन दाखवून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट. लोणच्याच्या कैऱ्या मिळायला अजून वेळ आहे, पण लोणचं घरीच. मीठ कमी पडू दिलं नाही आणि कैरीच्या फोडी तेलात बुडालेल्या राहिल्या की ते बिघडत नाही.
आत्याबाईंनी पाकिटातला पापड भाजून पाहिला. "मिरी कमी आहे," एवढंच बोलल्या. म्हणजे पास.

२६ मे
लेकीसाठी डबा बांधला. तिला म्हटलं, तयार भाजीच्या दोन पिशव्या जवळ ठेव, परीक्षेच्या दिवसांत उपयोगी पडतील. फक्त पिशवी फुगलेली दिसली तर चाखूनसुद्धा बघू नकोस, सरळ फेक.
आणि ज्यांच्या घरी वाळवण झालंय त्यांनी मृग लागायच्या आत डबे उघडून सगळ्याला एक शेवटचं ऊन द्यावं, आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावावं. गरम असताना लावलं तर आत पाणी सुटतं नि बुरशी धरते.