अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जातात, नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर चहापुरते उतरतात. मी गेलो तो थोरल्या बहिणीला तिथून हलवायला. भावोजींना जाऊन सहा वर्षे झाली. पूर्व भागातल्या जुन्या घरात ताई एकटी, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाली की महिनाभर सोबत करायची, तेवढ्यात घराला गिऱ्हाईक बघायचे आणि तिला पुण्याला घेऊन यायचे, असा माझा बेत. घराचे कागद पिशवीत घालून मी बरोबर घेतले होते. हे ताईला मी सांगितले नव्हते. आणि कोंबड्यांविषयी ताईने मला सांगितले नव्हते.

मे महिना. हुतात्मा एक्सप्रेसने निघालो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर शेवटचा उजेड होता, पुढे सगळा अंधार. रात्री दहाच्या सुमाराला उतरलो तर फलाटाची फरशी अजून तव्यासारखी. कसाबसा डोळा लागला, आणि पहाटे चारला अगदी उशाशी कोंबडा आरवला.

एके काळी हे गाव भोंग्यावर उठत असे. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. तिला पुढे जुनी मिल म्हणू लागले, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या आल्या. भावोजी गिरणीत जॉबर होते. त्यांचे जेवणखाणही भोंग्यावर चाले. त्या मोठ्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. गल्लीत यंत्रमागांची खटखट ऐकू येते, पण तिच्यावरून काही वेळ कळत नाही. ते काम परसातल्या कोंबड्याकडे आले आहे.

शस्त्रक्रिया ठीक झाली. महिनाभर वाकायचे नाही, धुळीत जायचे नाही, अशी ताकीद मिळाली. ताई काळा चष्मा लावून ओसरीवरच्या बाजेवर बसली आणि तिथून राज्य करू लागली. प्रजा एकूण तेरा : अकरा कोंबड्या, एक कोंबडा आणि मी.

पहिल्या सकाळी मी परातभर ज्वारी मधोमध ठेवली आणि कौतुकाने बघत उभा राहिलो. बाजेवरून आवाज आला, "लंगडीला मिळालं नाही ना?"

खरेच, एक पाय ओढणारी तपकिरी कोंबडी भिंतीशी उभी होती. ताईला दिसत नव्हते. पण कोण ओरडले आणि कोणाला टोच बसली, हे तिला आवाजावरून कळे. सगळ्यांत आधी खाणार सावकारीण. ती काळीभोर, जाड आणि तोऱ्याची. तिने कोणालाही टोचावे, तिला कोणी टोचू नये. तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशी उतरंड लागलेली, आणि तळाला लंगडी. ही उतरंड काही आमच्याच परसातली नव्हे. नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे नावाच्या गृहस्थाला लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता. त्यातून त्याने हा टोचण्याचा क्रम शोधला आणि 1922 साली छापला. ताईने त्याचे नावही ऐकलेले नाही. तिचा उपाय मात्र साधा होता : "दाणे दोन ठिकाणी टाक, लांब लांब. सावकारीण एका वेळी एकाच जागी असते."

संध्याकाळी खुराड्यातल्या दांडीवरही हाच मान. वरची जागा सावकारणीची. सगळ्या आत गेल्या की मी मोजायच्या आणि आकडा ताईला सांगायचा. मुंगसाच्या भीतीने फळीला आतून-बाहेरून कडी होती.

खाणे चाळणीखालच्या ज्वारीचे. मंगळवेढ्याची मालदांडी माणसांना, तिच्यातली फुटकी कणी कोंबड्यांना. कडक भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून, भाजीचे देठ, शेंगदाण्याची पेंड. पेंड मात्र रोज नाकाला लावून बघायची. बुरशीचा वास आला की उकिरडा. अंड्यांची टरफले वाळवून, कुटून परत त्यांनाच. शिवाय बारीक खडे हवेत. कोंबडीला दात नाहीत. पोटातल्या खड्यांवर ती दळण दळते. एका कोपऱ्यात बंबाची राख आणि माती कालवून ठेवलेली. त्यात दुपारी अंग लोळवून त्या पिसांतल्या उवा घालवीत.

पण सोलापुरात खरी काळजी उन्हाची. पारा चाळिशीच्या वर गेला की माणूस निदान घामाने तरी निवतो. कोंबडीला घामच नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडवून ती धापा टाकीत बसते. त्या धापांनी रक्तातले काहीबाही बिघडते आणि अंड्याचे कवच पातळ होते, हे मला पुढे वाचून कळले, ताई नुसती अंडे बोटांत धरून म्हणे, "आज ऊन जास्त होतं." दाणे भल्या पहाटे आणि दिवस कलल्यावर, कारण पोटातल्या अन्नाचीही उष्णता असते. खुराड्यावर ओले गोणपाट, खापरांत माठातले पाणी. दुपारी तीन वेळा ते पाणी बदलता बदलता माझी निवृत्ती चांगलीच घामेजली.

दुसऱ्या आठवड्यात मी एक शहाणपणा केला. आठवडी बाजारात दोन तलंगा दिसल्या. मोसंबी रंगाच्या, तकतकीत. ताईला बरे वाटेल म्हणून घेतल्या आणि संध्याकाळी सरळ खुराड्यात सोडल्या. शेजारच्या मामांनी कुंपणावरून पाहिले. मामा जुने विणकर. घरात तेलुगू, दारात मराठी. "काय करलालाव हो पावणं? नवं पाखरू पंधरा-वीस दिवस डालग्याखाली वेगळं ठेवायचं असतंय!"

मी म्हटले, उद्या ठेवू. तिसऱ्या दिवशी एक तलंग मान वाकडी करून बसली. शीट हिरवी, चोचीतून लाळ. मानमोडी. कुमाऊँतल्या राणीखेतवरून जिला राणीखेत म्हणतात, तीच. लागल्यावर औषध नाही; लस आधी द्यावी लागते. लशीच्या एका बाटलीत शंभरावर पाखरांची लस असते आणि फोडल्यावर ती टिकत नाही. म्हणून मामा ती जनावरांच्या दवाखान्यातून बर्फात घालून आणत आणि सगळी गल्ली एकाच दिवशी आपापल्या कोंबड्या धरून उभी राही. ताईच्या कोंबड्यांना लस झाली होती. फक्त एक चुकली होती. त्या दिवशी लंगडी सरपणाच्या ढिगामागे चोरून अंड्यांवर बसली होती, कोणाला सापडलीच नाही.

दोन्ही तलंगा गेल्या. सहाव्या दिवशी लंगडी गेली. मामांनी हातभर खड्डा खणून वर चुना टाकला. रात्री मी आकडा सांगितला नाही. ताईनेच विचारले, "अकरा ना?" मी म्हटले, कोंबडा धरून अकरा. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. ज्वारी मी दोनच ठिकाणी टाकली. लांबच्या दाण्यांकडे बराच वेळ कोणी फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "तुझ्या पिशवीत घराचे कागद आहेत ना रे?"

मी दचकलो.

"डोळे गेले होते माझे, कान नव्हते गेले. रोज रात्री वाजतात ते."

मग मी सगळे बोललो : एकटेपण, वय, पुण्यातली मोकळी खोली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर आहे ना तुमची खोली?" एवढेच.

पंधरा दिवस जीव मुठीत धरून काढले. आणखी कोणी आजारी पडले नाही. जूनमध्ये पहिला पाऊस आला, परसातून वाफ निघाली आणि सावकारीण खुडूक झाली. पिसे फुगवून, कोणी जवळ गेले की घशातून गुरगुर. मामांनी त्यांच्याकडची ताजी अंडी आणून दिली, ताईने ती एकेक हाताळून अकरा निवडली आणि पाटीत पेंढ्यावर रवण घातली. चष्मा तेव्हा नुकताच उतरला होता. एकवीस दिवसांचा हिशेब तिने भिंतीवर कोळशाने मांडला.

दहाव्या रेघेला मी निघालो. गाडी सकाळची होती, कोंबडा आरवल्यावर उठून आवरले. पिशवीतले कागद मी ताईच्या कपाटात ठेवले. तिने पाहिले आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. "पुढच्या मे महिन्यात ये," ती म्हणाली, "आणि बाजारात जाऊ नकोस."

मग तिचा फोन आला. अकरांतली आठ निघाली. सावकारीण त्यांना घेऊन परसभर हिंडते, घार दिसली की पंखाखाली घेते. एक पिलू सगळ्यांत मागे असते, त्याच्यासाठी कणी वेगळी टाकावी लागते. त्यांत कोंबडे तीन आहेत असे ताईचे म्हणणे. मामा म्हणतात, तुरे फुटल्याशिवाय काही सांगता येत नाही.