नाव आणि खूण

आमच्या मालवणाकडे ज्या माणसाला एकच नाव आहे, तो गावात फारसा कुणाला ठाऊक नाही असे खुशाल समजावे. पाळण्यातले नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, आणि सारी वाडी ज्या नावाने हाक मारते ते तिसरेच. माणूस मात्र एकच. तिन्ही हाकांना तोच ‘ओ’ देतो. उलट एकाच नावाची चार माणसे एका वाडीत निघतात आणि पोस्टमन मेटाकुटीला येतो. नाव म्हणजे माणूस नव्हे, हे वेदान्त न वाचताही आम्हांला लहानपणीच कळते.

माझ्या धंद्यात मात्र हे ज्ञान माणसे पुन्हा पुन्हा विसरतात. मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो, तेही मालवणात घरी बसून. तयार माल पेटीत भरायचा, पेटीवर चिठ्ठी लावायची आणि दूरच्या कोठारात धाडायची, असा माझा रोजचा उद्योग. आंब्याच्या बागायतदाराच्या आणि माझ्या कामात मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

या पेटीला ‘कंटेनर इमेज’ म्हणतात. कंटेनर हा शब्द आला बंदरावरून. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ जहाजावर धातूच्या ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या. आत साखर आहे की साबण, याची विवंचना बंदरावरच्या हमालाला उरली नाही. प्रोग्रामांचेही असेच झाले. एका यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर हटकून अडून बसे, कारण त्याला लागणारे सामानसुमान तिथे नसे. २०१३ साली सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ लोकांपुढे मांडले, आणि प्रोग्राम व त्याचे सारे सामान एकाच पेटीत बंद करून पाठवण्याची रीत सर्वत्र पसरली.

आंब्याच्या पेटीत पेंढा आणि फळे यांचे थर असतात, तसे याही पेटीत थर असतात. तळाला जडशीळ पायाभूत सामान, त्यावर हत्यारे, आणि अगदी वर माझा चिमुकला प्रोग्राम. पेटी कोठारात ढकलणे म्हणजे ‘पुश’, आणि ते कोठार म्हणजे ‘रजिस्ट्री’. ढकलण्यापूर्वी कोठाराकडे चौकशी होते, ‘बाबा, यातले कुठले थर तुझ्याकडे आधीच आहेत?’ असतील ते पुन्हा पाठवायचे नाहीत. मृगाचा पाऊस कोसळू लागला आणि आमचे इंटरनेट आचके देऊ लागले, की या सोयीची खरी किंमत कळते. म्हणून जे क्वचित बदलते ते तळाला आणि जे रोज बदलते ते वर, अशी पेटी भरावी. मग शेकडो मेगाबाइटांच्या पेटीतला वरचा पातळ पापुद्रा तेवढा पाठवून काम भागते.

आता चिठ्ठी. तिला ‘टॅग’ म्हणतात. पेटीच्या पूर्ण नावात आधी कोठाराचा पत्ता, मग पेटीचे नाव, आणि विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे हा टॅग, म्हणजे बहुधा आवृत्तीचा क्रमांक. पत्ता लिहिला नाही तर डॉकर ‘डॉकर हब’ हेच कोठार गृहीत धरतो. आवृत्ती लिहिली नाही तर आपल्या मनाने ‘लेटेस्ट’ असे लिहून मोकळा होतो. लेटेस्ट म्हणजे सर्वांत ताजे, असे भोळे लोक समजतात. आमच्या वाडीत एक ‘नवी विहीर’ आहे. माझ्या आजोबांचा जन्म होण्यापूर्वीची. ‘लेटेस्ट’चे नवेपण त्याच जातीचे!

आणखी एक मौज अशी की चिठ्ठी लावल्याने पेटीची नक्कल होत नाही. एकाच पेटीला पाच चिठ्ठ्या लावा, पेटी एकच. आणि तीच चिठ्ठी उद्या काढून दुसऱ्या पेटीला लावता येते. इथे मात्र मौज संपते.

हे मी शेजारच्या तात्यांना समजावून सांगत होतो. त्यांची हापूसची कलमे आहेत.

“तात्यानू, समजा तुमची चिठी काढून कोणी दुसऱ्याच आंब्याच्या पेट्येक लावली तर?”

“समजा कित्याक रे झिला? दर वर्साक लावतत मा!”

“मग तुमी तुमचो आंबो वळखतास कसो?”

“देठाकडच्या वासान. चिठी वाचता ता गिऱ्हाईक.”

गिऱ्हाइकावर काय ओढवते, ते मी पाहिले आहे. रक्ततपासणीचे अहवाल छापणारा एक प्रोग्राम होता. एका सहकाऱ्याने त्यात दुरुस्ती केली आणि नवी पेटी जुन्याच ‘१.४’ या टॅगने ढकलून दिली. प्रयोगशाळेतल्या एका यंत्राने ती नवी पेटी उतरवून घेतली. दुसऱ्यापाशी ‘१.४’ आधीच होती, म्हणून त्याने ती मागवलीच नाही. दोन्ही यंत्रांवर नाव एकच, आणि अहवालातल्या ‘सामान्य’ मर्यादा मात्र निरनिराळ्या. एकाच रक्ताला एक कागद निरोगी म्हणतो, दुसरा आजारी! तिथल्या एका दक्ष मदतनीस बाईंनी दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, म्हणून निभावले.

तो निष्काळजीपणा होता. दुष्टपणाही होतो. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ यांच्या एका साधनाचे टॅग चोरट्यांनी गुपचूप विषारी मजकुराकडे वळवले. ते साधन तेवीस हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरात होते. ते कंटेनर नव्हते, पण टॅगचा स्वभाव तोच. ज्यांनी टॅगवर न विसंबता आतल्या मजकुराची खूण लिहून ठेवली होती, त्यांच्याकडे जुनाच चांगला माल येत राहिला.

ही खूण म्हणजे ‘डायजेस्ट’. पेटीतल्या मजकुरावरूनच गणित करून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. आत एक काना बदलला तरी सारी ओळ पालटते. ती कुणी लावत नाही, म्हणून कुणाला काढताही येत नाही. तात्यांच्या आंब्याचा वासच म्हणा ना! हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळ्या क्रमांकाची चिकटपट्टी आणली. ती धडपडही याच खुणेसाठी. पेटीवरच्या नावावर भागेना, तेव्हा एकेका फळाची ओळख पटवणे आले.

मग नावे टाकूनच द्यावीत काय? छे! ६४ अक्षरांनी कोण कुणाला हाक मारणार? हाकेला नाव हवेच. पण जिथे कुणाचा जीव किंवा पोट अवलंबून आहे, तिथे नावाबरोबर खूणही लिहावी. आणि एकदा दिलेले नाव दुसऱ्या पेटीला लावू नये. काही रजिस्ट्रींत तशी कडी घालण्याची सोय असते. मी ती घालतो. दुरुस्ती टिंबाएवढी असली तरी ‘१.४’ची ‘१.५’ करतो. आकड्यांना काही तोटा नाही.

दिवाळी सरली की थंडी पडेल, कलमे मोहरतील, आणि तात्या चिठ्ठ्या छापायला टाकतील. त्यांच्या चिठ्ठीखाली त्यांचाच आंबा असावा आणि माझ्या चिठ्ठीखाली मी भरलेलीच पेटी, एवढे या वर्षी साधले तरी पुष्कळ झाले.