गोधडीच्या पोटात काय?

मुलांनो, गोधडी पाहताना आपलं लक्ष जातं ते वरच्या रंगीबेरंगी तुकड्यांकडे. ऊब देतात ते मात्र पोटातले थर. ते कुणाला दिसत नाहीत!

आमचं गाव वेल्ह्याजवळ. समोर १४०३ मीटर उंचीचा तोरणा. पावसाळ्यात ढग गडावरून थेट अंगणात उतरतात, चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि पांघरुणं दमट होतात. त्यामुळे गोधडीत काय भरायचं, याचा आमच्याकडे नीट विचार होतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, कापूस भरावा! कापसाची नवी दुलई गोधडीपेक्षा जास्त उबदार असते, हे अगदी खरं. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ती अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पण दमट हवेत तोच कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. मग पिंजाऱ्याची वाट बघा! शिवाय नवरात्रापूर्वी घरातली सगळी पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची आपली पद्धत. सुट्या कापसाची दुलई कानंदीच्या पाण्यात बुडवून आपटली, तर तिचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

आमच्या रानात सावरीची झाडं आहेत. उन्हाळ्यात बोंडं फुटली की तिचा मऊ, चकचकीत कापूस वाऱ्यावर उडतो. उशीला झकास! पण त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत. ते एकमेकांना धरून राहत नाहीत, शिवणीतून बाहेर येतात.

राहता राहिलं जुनं सुती कापड. वर्षानुवर्षं धुतलेलं, खळ केव्हाच गेलेली, आटायचं तेवढं आटलेलं. नवं कापड घातलंत तर ते पहिल्याच धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी आक्रसते. जुन्या कापडाच्या थरांमध्येही हवा अडकते, आणि धावदोऱ्याच्या जवळजवळच्या रांगा थरांना जागचं हलू देत नाहीत. एक हिशेब करून बघा. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक घडी दोन मीटरांहून थोडी जास्त. झाले की एका माणसापुरते चार थर!

माझा थोरला भाऊ दहावीनंतर भोरला वसतिगृहात राहायला निघाला, तेव्हा त्याच्यासाठी गोधडी करायची ठरली. पण घरात सुती कापडच नव्हतं. आईच्या साड्या नायलॉनच्या, आबांचे कपडे टेरिकॉटचे. आत्यानं एकेक धागा उपसून दिव्यावर धरला. (हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करायचा हं!) सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. नायलॉनचा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. असं कापड चुलीजवळ झोपणाऱ्याच्या अंगावर नको, ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं. हल्ली बाजारात पॉलिएस्टर भरलेल्या रजया मिळतात. त्या हलक्या असतात, लवकर वाळतात, आणि पावसाळी गावात हा गुण मोठाच. तरी चुलीच्या घरात मी ती कुणाला देणार नाही.

शेवटी सुती असं एकच काही उरलं : ट्रंकेतली आजीची दोन लुगडी. आजीला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

“तेवढी राहू द्या,” आबा म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

आई काहीच बोलली नाही. रात्री जेवताना आत्यानं विषय काढला. “आरं, ट्रंकेत ठिवून काय करनार? कसर खाईल. पोराच्या अंगावर तरी ऱ्हाईल.”

आबा बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले. सकाळी त्यांनी एक लुगडं काढून आईच्या हातात दिलं. दुसरं परत ट्रंकेत ठेवलं.

तीन आठवडे दुपारी ओसरीवर आई आणि आत्या समोरासमोर बसून टाके घालत होत्या. आजीच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता. तो शिवतानाही येत राहिला.

भाऊ दर दिवाळीला ती गोधडी घरी आणायचा. वरचं कापड विरलं की नवं लावायचं, आत मात्र तेच लुगडं. अशी दोनदा झाली. तिसऱ्यांदा आतलंही विरलं, तेव्हा कुणी न मागता आबांनी ट्रंक उघडली आणि दुसरं लुगडं काढून दिलं.